टाकून दिलेल्यांची ओळखपत्रं

बाजाराच्या रस्त्यावर, किल्ल्या करून देणाऱ्याच्या टपरीला लागून, एक फोटो स्टुडिओ आहे. तो इतका अरुंद की दोन जाडजूड माणसं समोरासमोर आली तर एकाला उलटं चालत बाहेर यावं लागतं. आत एक गोल स्टूल, स्टुलामागे पांढरा पडदा, दोन अंगांना छत्री लावलेले दोन दिवे, आणि भिंतीवर आरसा. आरशाशेजारी कंगवा. तोही दोरीने बांधलेला, कारण आधीचे सगळे कंगवे गिऱ्हाइकांच्या खिशात बसून जग बघायला निघून गेले. खुंटीला एक काळा कोट. अर्ध्या गावाने आयुष्यात एकदाच कोट घातला, आणि तो हाच.

मालकाचं नाव दुकानाच्या पाटीवर होतं. पाटी उन्हाने पांढरी पडली आणि नाव तिच्याबरोबर गेलं. लोक त्याला हनुवटी म्हणतात. स्टुलावर मास्तर बसो की फौजदार बसो, हा कॅमेऱ्याआडून एकच सांगणार, "हनुवटी खाली. अजून थोडी. कान दिसू देत." तीस वर्षं हेच. गावातल्या प्रत्येक माणसाची हनुवटी त्याने खाली आणली, पण त्याच्यापुढे आपण मान तुकवली असं त्यातल्या एकालाही वाटलं नाही.

पडद्याच्या पलीकडे प्लायवूडची एक भिंत आहे आणि भिंतीमागे त्याची बायको बसते. तिला सगळे वहिनी म्हणतात. फोटो हा काढतो, डाग ती काढते. लग्न होऊन आली तेव्हा निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने काम चालायचं. खिडकीशी काच तिरकी धरून, श्वास रोखून, मुंगीच्या पावलाएवढे ठिपके देत ती माणसाच्या गालावरचा खड्डा बुजवायची. पुढे कॉम्प्युटर आला. पेन्सिल गेली, हात तोच राहिला. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, नाकावरची पुटकुळी, कपाळावरची आठी, तिच्या हातून गेलं की सगळं धुतल्या तांदळासारखं. बोलता बोलता तिचा हात आपोआप चालतो. समोर बसलेल्या माणसाशी ती त्याच्या जावयाबद्दल बोलत असते आणि तिकडे माउस त्याची दहा वर्षं कमी करत असतो.

स्टुडिओचा एक नियम आहे. वहिनीचा हात फिरल्याशिवाय कोणताही फोटो उंबऱ्याबाहेर जायचा नाही. हा नियम हनुवटीनेच केलेला. फार पूर्वी घाईघाईत दवाखान्यातल्या एका नर्सचा फोटो तसाच दिला गेला. नाकाच्या शेंड्यावर लालभडक फोड होती. फोड चार दिवसांत गेली, पण ओळखपत्र नर्सच्या गळ्यात सहा वर्षं लटकलं. सहा वर्षं ती या रस्त्याने जाताना तोंड फिरवून जायची. हनुवटीने तेव्हा प्लायवूडवर हात आपटून सांगितलं होतं, "यापुढे तुझा हात फिरल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही. मी मेलो तर माझाही नाही."

तर अशा या माणसाच्या डोक्यात मागच्या साली एक किडा शिरला.

नवा दिवा आणला होता. दुपारची वेळ, दुकान बंद, आणि दिवा तपासायला स्टुलावर बसवायला कोणी नाही. बायको वर घरात आडवी झालेली. घर दुकानाच्याच डोक्यावर, आतल्या जिन्याने सात पायऱ्या. हा वर गेला आणि ओट्याखालच्या कचऱ्याच्या बादलीतून हाताला लागला तो टोमॅटो घेऊन खाली आला. एका अंगाने बसलेला, सालीला चीर गेलेली, चिरेवर पांढरी लव उगवलेली. त्याने तो स्टुलावर ठेवला, दिवा लावला, आणि सवयीने म्हणाला, "हनुवटी खाली."

मग स्वतःशीच हसला. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला तेव्हा त्याचं हसू मावळलं. टोमॅटो त्याच्याकडे बघत होता. तीस वर्षांत हजारो माणसं त्या स्टुलावर बसली आणि सगळ्यांनी फोटोपुरता एक चेहरा आणला. या टोमॅटोने आणला नव्हता. त्याची जी गत झाली ती तो लपवत नव्हता. खाली देठाजवळ फळाच्या पेटीचा कागद चिकटलेला होता, म्हणजे तो कुठून तरी आला होता. कोणीतरी त्याला वाढवलं होतं, खुडलं होतं, पेटीत घातलं होतं, गाडीत चढवलं होतं. आणि सगळा प्रवास करून तो याच्या ओट्याखालच्या बादलीत पडला, कारण याला दोन हवे होते आणि याने दहा आणले.

त्या दिवसापासून तो रोज दुपारी बादली घेऊन खाली यायला लागला.

किल्लीवाला टपरीतून डोकावून बघायचा. "काय रे हनुवटी, केळ्याचा पासपोर्ट काढतोस? कुठल्या देशाला निघालंय?"

"तुझ्या डोक्याला पण कुलूप आहे, एक किल्ली करून घे," हा म्हणायचा. पण मनात तो चडफडायचा. गंमत करायला काढलेले फोटो नव्हते ते.

सुरुवातीला एकदा त्याने वेगळंच करून पाहिलं होतं. नगरपालिकेच्या कचरागाडीमागे सायकल घालून तो गावाबाहेरच्या डेपोवर गेला. तिथे डोंगर होता. पाव, भात, साली, पानं, सगळं एकमेकांत मिसळून आतल्या आत धुमसत होतं, ठिणगी न पडताही धूर येत होता, आणि खालून काळं पाणी ओघळून ओढ्याला मिळत होतं. त्याने शंभर फोटो काढले आणि घरी येऊन सगळे पुसून टाकले. ढिगाला चेहरा नसतो. ढीग पाहिला की माणूस म्हणतो, अरेरे, लोक किती टाकतात. लोक. म्हणजे आपण सोडून बाकीचे. एकेकाला स्टुलावर बसवायला हवं होतं, समोरून, कान दिसतील असं.

भाजीवालीकडे जाऊन तो विचारू लागला. ती चौकाच्या कोपऱ्यावर बसते, तोंडाने तिखट, तराजूने सरळ.

"मावशी, हा घेवडा कुठला?"

"खायचाय की सोयरीक जुळवायचीय?"

"सांगा हो."

"नदीपलीकडचा. पहाटे चार बाया वाकतात तेव्हा ही पाटी भरते. वर पंपाचं पाणी, वर गाडीचं डिझेल. का?"

"मागच्या आठवड्यात नेलेला टाकला मी. त्याच्या फोटोखाली लिहायचंय."

भाजीवालीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "टाकलास आणि वर फोटो काढलास? बाबा, त्या चौघींना कळलं तर तुझाच फोटो भिंतीवर लागेल, हार घालून."

हे त्याला लागलं, आणि आवडलंही. त्याने पुठ्ठ्याची छोटी कार्डं कापली आणि प्रत्येकावर आपल्या सुबक अक्षरात लिहायला सुरुवात केली. घेवडा. नदीपलीकडून. घरी आला रविवारी, टाकला शनिवारी. कारण: डब्याच्या मागे राहिला. पाव, अर्धा. कारण: नवा आणला. काकडी. कारण: नवरा म्हणाला आणतो, बायकोने आधीच आणली होती. भात, दोन वाट्या. कारण: पाहुणे येणार होते.

वर घरात मात्र वेगळाच धूर निघत होता.

"अहो, बादली कुठंय?"

"खाली. फोटो चाललाय."

"अख्ख्या दुनियेचे नवरे बायकोचे फोटो काढतात. माझा नवरा माझ्या बादलीचे काढतो."

"तुझ्या नाही, आपल्या."

"स्वयंपाकघर म्हटलं की माझंच असतं. नाव मलाच ठेवतात. उद्या कोणी पाहिलं तर म्हणतील, हिच्या घरात एवढं सडतं. तीस वर्षं मी लोकांचे डाग काढले आणि तुम्ही माझे चव्हाट्यावर मांडायला निघालात."

तो समजावायला जायचा आणि शब्द अपुरे पडायचे. तो फोटोवाला होता, वक्ता नव्हता. पाणी, माती, डिझेल, धूर असं काहीबाही बोलायचा. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "पाण्याचं एवढं वाटतं तर आधी नळ नीट बंद करायला शिका." हेही खरंच होतं. त्यामुळे तो आणखी चिडायचा. महिनोन् महिने त्या सात पायऱ्यांवर ही अबोल्याची चढउतार चालली होती. जेवण वाढलं जायचं, पण भांडं जरा जोरात टेकायचं.

त्याला हवं होतं ते एवढंच. हे फोटो भिंतीवर लागावेत आणि गावाने आपापल्या बादलीशी नजर मिळवावी. आयुष्यभर त्याने लोकांना हवे होते ते फोटो काढले. हे पहिलेच, त्याला स्वतःला हवे होते म्हणून काढलेले.

वाचनालयात दरवर्षी पर्यावरणाचा आठवडा असतो. तिथल्या ग्रंथपाल बाईंकडे तो चार वेळा गेला. पहिल्या वेळी त्या म्हणाल्या, बघू. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, फुलांचे नाहीत का? लोकांना प्रसन्न वाटेल असं काहीतरी? तिसऱ्या वेळी त्या रजेवर होत्या. चौथ्या वेळी त्याने टेबलावर बुरशी आलेल्या पावाचा फोटो ठेवला आणि काही न बोलता उभा राहिला. बाईंनी तो पाहिला, मग आपल्या पिशवीकडे पाहिलं. तिच्यात सकाळचा डबा तसाच होता.

"आठ दिवस," त्या म्हणाल्या. "मोठ्या हॉलची लांब भिंत. चाळीस फोटो मावतील."

त्याने चाळीस निवडले. फ्रेमा सांगितल्या. कार्डं आधीच नेऊन भिंतीवर ओळीने चिकटवली, वर फोटोची जागा मोकळी ठेवून. आणि नेमका त्याच आठवड्यात शाळांचा हंगाम आला. डोंगरपट्ट्यातल्या पाच शाळांतल्या मुलांचे फोटो दरवर्षी हाच काढतो, आणि ते काम नाही म्हणता येत नाही, कारण वर्षभराचं दुकान त्यावर उभं आहे. एवढी मुलं, म्हणून त्याने सगळी मेमरी कार्डं पुसून रिकामी केली. फोटो होतेच की कॉम्प्युटरमध्ये. निघताना बॅगेचा पट्टा खांद्यावर घेत प्लायवूडच्या कडेने म्हणाला, "ते चाळीस लॅबला पाठव. लॅबवाला परस्पर वाचनालयात पोचवेल. मी उद्घाटनाच्या दिवशी सकाळी येतो."

तो चार दिवसांसाठी गेला.

तो गेल्यावर वहिनी कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. मग तिने ते फोटो उघडले. पहिल्यांदाच नीट पाहिले. आपल्याच घरचा पाव, आपलाच कोबी. तिला रडू आलं नाही, रागही आला नाही. तिला वाटलं, या माणसाला हे एवढं हवंय, मग आपण आपलं काम तरी चोख करावं. रोज भांडी आपटून काय मिळालं? तिने दुकानाला कुलूप घातलं. किल्लीवाल्याला सांगितलं, कोणी आलं तर तीन दिवसांनी या म्हणावं. आणि खुर्ची पुढे ओढली.

तीन दिवस ती उठली नाही. जेवणाचंही भान नव्हतं. पावावरची हिरवी बुरशी तिने कण कण करून उचलली आणि खाली पावाची जाळी पुन्हा विणली, एकेक छिद्र. केळ्यावरचे काळे डाग उतरवले. कोबीच्या कडा मऊ पडल्या होत्या, त्यांना ताठ केलं. बटाट्याचे कोंब खुडले. टोमॅटोची चीर अशी शिवली की शिंप्याने बघत राहावं. आणि झालेला प्रत्येक फोटो तिने नेहमीप्रमाणे जुन्यावरच जपून ठेवला. कॉम्प्युटर जुना, त्याचं पोट भरलेलं, म्हणून एका फोटोची एकच प्रत ठेवायची अशी त्यांची पद्धत होती. हात फिरल्यानंतरचा फोटो तोच खरा, आधीचा कोणाला हवा असतो?

लॅबवाल्याने फोटो पाहून फोन केला. "वहिनी, काय कामय हो! चावावंसं वाटतंय."

तिला फार बरं वाटलं.

उद्घाटनाच्या सकाळी हनुवटी बसमधून उतरला तो थेट वाचनालयात गेला. हॉलमध्ये कोणी नव्हतं. फ्रेमा लागलेल्या होत्या. शिपायाने आदल्या संध्याकाळीच क्रमाने लावून टाकल्या होत्या. हनुवटी दारातच थांबला. त्याला वाटलं आपण दुसऱ्याच प्रदर्शनात आलो. भिंतभर चाळीस टवटवीत चेहरे. पिवळंधमक केळं. बर्फासारखा कोबी. पाव असा की आत्ता भट्टीतून निघाला. पहिल्या फ्रेमपाशी गेला, दुसरीपाशी गेला, मग भराभर शेवटपर्यंत गेला आणि परत आला. जणू एखादा तरी सुटला असेल.

एकही सुटला नव्हता.

मागून चपलांचा आवाज आला. वहिनी ठेवणीतले कपडे घालून आली होती. केसांना तेल, चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू.

"कसे झालेत?"

तो पावाच्या फ्रेमवरून बोट फिरवत राहिला.

"बोला की. तीन दिवस दुकान बंद ठेवलं मी."

"हे काय केलंस?"

"काय म्हणजे?"

"डाग कुठायत? बुरशी कुठाय? अगं, माझा पाव कुठाय?"

"हा काय समोर."

"हा नाही! हा बेकरीचा आहे! माझा मेलेला होता!" त्याचा आवाज हॉलच्या छताला जाऊन लागला. "वर्षभर रोज दुपारी मी काय करत होतो? जिवंत टोमॅटोचे फोटो काढायला मला कुत्रं चावलं होतं?"

तिचं हसू जागच्या जागी वाळलं. "मग सांगायचं होतं."

"यात सांगायचं काय? कोणालाही कळेल!"

"मला नाही कळलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि ते जास्त वाईट होतं. "तीस वर्षं तुम्ही मला म्हणालात, काढ. हा काढ, तो काढ, तुझा हात फिरल्याशिवाय बाहेर जाणार नाही. एका फोटोच्या वेळी तरी म्हणालात का, हा राहू दे म्हणून?"

त्याने पावाची फ्रेम जरा उचलून मागे पाहिलं.

"जुने असतील," तो शेवटी म्हणाला. "आधीचे. कुठेतरी."

"आधीच्यांवरच ठेवलेत, नेहमीसारखे," ती म्हणाली. मग त्याला स्वतःची रिकामी केलेली मेमरी कार्डं आठवली. ती आता डोंगरपट्ट्यातल्या मुलांनी भरलेली होती. तो हॉलमधल्या बाकावर बसला. असा बसला, जसा पोत्यातून भुसा निघून जावा. काढून टाकाव्यात फ्रेमा? तासाभरात लोक येणार होते. ग्रंथपाल बाई टाचा वाजवत आल्या, भिंत बघून थांबल्या आणि म्हणाल्या, "अय्या, किती प्रसन्न!"

त्याने डोळे मिटून घेतले.

लोक आले. किल्लीवाला आला, शिंप्याची बायको आली, सेवानिवृत्त पोस्टमन आले. भाजीवाली आली आणि पहिल्याच फोटोपुढे कमरेवर हात ठेवून म्हणाली, "असा माल मला मिळाला तर मी दहा वाजताच घरी जाईन." सगळे हसले. हनुवटी एका कोपऱ्यात उभा राहून नखं खात होता. जो येईल तो म्हणे, वा, काय ताजं, काय रंग. ज्यांनी आपल्या बादलीशी नजर मिळवावी म्हणून त्याने वर्ष घातलं, ते भूक लागली म्हणत होते. त्याला वाटलं, ओरडावं, आणि वाटलं, काय उपयोग.

मग शिंप्याच्या बायकोने खालचं कार्ड वाचलं. तिला चष्मा लावूनही एकेक अक्षर लावावं लागतं, म्हणून ती मोठ्याने वाचते. "पाव, अर्धा. घरी आला मंगळवारी, टाकला शुक्रवारी. कारण: नवा आणला." तिने वर पाहिलं. पुन्हा खाली पाहिलं. "टाकला? हा?"

"टाकला असं लिहिलंय," पोस्टमन म्हणाले.

"अहो पण हा चांगला आहे की! वहिनी, हा चांगला पाव तुम्ही टाकलात?"

हॉलमधली कुजबुज थांबली. आता सगळेच खाली वाकून वाचायला लागले. काकडी टाकली. ही? केळी टाकली, पाच? ही असली केळी? भाजीवालीचा चेहरा कडक होत गेला. घेवड्यापुढे तर ती फोटोला नाक लावून उभी राहिली. "हा घेवडा माझा आहे. असा कवळा घेवडा टाकून देतात तुमच्या घरात? चार बाया वाकतात हो याला, मी सांगितलं होतं या बाबाला."

हनुवटीने मान वर केली. लोक चिडत होते. खरोखर चिडत होते. वर्षभर त्याला जे हवं होतं ते आत्ता त्याच्या डोळ्यांपुढे घडत होतं, फक्त त्याच्या फोटोंनी नाही, त्याच्या बायकोच्या हाताने. आणि ती मधोमध उभी होती, ठेवणीतल्या कपड्यांत, आणि सगळ्या माना तिच्याकडे वळलेल्या. जे झाकावं म्हणून तिने तीन दिवस डोळे फोडले, त्यानेच तिला उघडं पाडलं होतं. गप्प राहिलो तर प्रदर्शन साधतंय, हे त्याला कळलं. बायकोकडे पाहिलं, आणि गप्प राहवेना, हेही कळलं.

"त्यात तिची चूक नाही," तो पुढे होत म्हणाला. "ते सडलेलं होतं."

"कुठे सडलंय? फोटोत तर नाही," पोस्टमन म्हणाले.

"तू मधे पडू नकोस रे," किल्लीवाला म्हणाला. "फोटोवाला खोटं बोलेल, फोटो कशाला बोलेल?"

"सडलं होतं!" वहिनी एकदम म्हणाली. ती पावाच्या फ्रेमपाशी गेली आणि काचेवर बोट टेकवलं. "इथे. एवढी, माझ्या तळहाताएवढी बुरशी होती. कडेला पांढरी, मधे हिरवी, आणि अगदी मधे काळी. मी काढली. तीन तास लागले. आणि ह्या केळ्याची साल इथून इथपर्यंत काळी होती, आतलं पाणी बाहेर आलेलं. हा घेवडा, मावशी, इथे चिकट झाला होता, एका शेंगेतून तार निघत होती. तुमचा कवळा घेवडा मी टाकला नाही. मी विसरले, आणि तो सडला, आणि मग टाकला."

"शी," शिंप्याची बायको म्हणाली, आणि आणखी जवळ आली. "कुठे, कुठे?"

"इथे."

"आमच्याकडे पण पालक असाच झाला होता," कोणीतरी मागून पुटपुटलं.

मग लोकच विचारायला लागले. याच्यावर काय होतं? याचं काय झालं होतं? वहिनी एकेका फ्रेमपुढे उभी राहून सांगत होती. कुठे किती, कोणत्या रंगाचं, कडा कशी. तिला प्रत्येक डाग तोंडपाठ होता. हनुवटी मागून बघत होता. त्याला आनंद व्हायला हवा होता. होत नव्हता. त्याचे चाळीस चेहरे कायमचे गेले होते, आणि आता त्यांच्याबद्दल जे काही उरलं होतं ते बायकोच्या जिभेवर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचा घसा बसला. आठ दिवस कोण बोलणार? तिने ग्रंथपाल बाईंकडून जाड काळा पेन मागून घेतला, हॉलमधली खुर्ची ओढली आणि पहिल्या फ्रेमपुढे ठेवली.

"काय करतेस?" हनुवटीने विचारलं.

"होते तिथे परत लावते."

"पेनाने? काचेवर? अगं, माझे फोटो आहेत ते!"

"फोटो तुमचेच," ती खुर्चीवर चढत बसक्या आवाजात म्हणाली. "डाग माझ्याकडे आहेत."

"असं गिरगटून डाग होतो होय? बुरशीला लव असते, कडा असते, आतून उजेड येतो. मी दिवा असा खाली घेऊन..." त्याचं त्यालाच ऐकवेना. "हे म्हणजे शाळेतल्या फळ्यावर काढल्यासारखं होईल."

"होऊ दे."

खुर्ची एका पायाने डुगडुगत होती. त्याने खाली वाकून खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. वर तिचा हात काचेवर सरकत होता. एक वेडीवाकडी रेघ पावाला वळसा घालून परत स्वतःला मिळाली, आणि तिच्यात तिने लिहिलं, इथे बुरशी होती.

"जरा डावीकडे होती," तो खालून म्हणाला.

"नव्हती."

"डावीकडे होती. फोटो मी काढलाय."

"ती मी काढलीय," वहिनी म्हणाली, आणि पुढच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. "खुर्ची सरकवा."

त्याने खुर्ची सरकवली. अजून एकोणचाळीस होते.